ठिसूळ हाडे व खुब्याचे व्यंग

मांडी घालून बसणे आपल्या इतके अंगवळणी पडलेले आहे की, एखाद्यास ते साधतच नसेल असा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. पाटावर बसून जेवणे, संध्येस बसणे, मुंजीत बटूने वडिलांजवळ बसणे, हळदीकुंकवाला सतरंजीवर बसणे, हे सारे व्यवहार माणसाचे खुबे मोकळे आहेत असे गृहीत धरूनच चालतात. हे गृहीत किती फसवे असू शकते, याचा धडा मला एका विद्यार्थ्याने दिला. तो मी फार उशिरा शिकलो, म्हणूनच येथे सांगावासा वाटतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका गावी मी संस्कृत शिकवीत असे. दर शनिवारी सकाळी शाळेच्या पडवीत सतरंज्या घालून सुभाषितांचे पाठांतर चाले. आठवीच्या वर्गात एक लहानखुरा मुलगा होता. वाणी स्वच्छ, स्मरण उत्तम. परंतु बसावयाचा तो भिंतीला टेकून, दोन्ही पाय पुढे पसरून. पाठांतराच्या वेळी ही बैठक मला अशिष्ट वाटे. दोन शनिवार मी त्याला तोंडी समज दिली. तिसऱ्या शनिवारी सर्वांदेखत उभे केले. मुलगा काही बोलला नाही. भिंतीचा आधार घेत, कंबर एका बाजूस झुकवीत तो उठला आणि पाठ संपेपर्यंत तसाच उभा राहिला.

सोमवारी त्याचे आजोबा शाळेत आले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "मास्तर, तो हट्टाने पाय पसरीत नाही. त्याला मांडी घालताच येत नाही," एवढेच ते प्रथम म्हणाले. मग हळूहळू सारी हकीकत बाहेर आली. मुलगा आठ महिन्यांचा असताना त्याला न्हाऊ घालताना मांडीचे हाड मोडले होते. पुढे चार वर्षांत आणखी तीनदा हाडे मोडली. प्रत्येक वेळी घरातील वडीलधाऱ्यांनी सुनेवर ठपका ठेवला. हाडवैद्याकडून बांधून घेणे झाले, नवससायास झाले. अखेर मिरजेस नेले तेव्हा तेथील डॉक्टरांनी हाडाच्या आधी मुलाचे डोळे पाहिले. डोळ्यांतील पांढरा भाग निळसर होता. "हा कोणाचा निष्काळजीपणा नव्हे, हा रोग आहे," असे त्यांनी सांगितले. "पाच वर्षे आम्ही त्या पोरीला बोल लावीत होतो," हे सांगताना आजोबांचा आवाज बसला. मी तर त्यांच्या नातवाला परवाच शिक्षा केलेली होती. मला काय वाटले असेल, ते वाचकांनी जाणावे.

हा रोग म्हणजे अस्थिभंगुरता. हाड दगडासारखे केवळ टणक असते अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. गावाकडील मातीच्या भिंतीत माती मळताना गवताचा काड घालतात. मातीने भिंत उभी राहते आणि काडाने ती धरून राहते. काड कमी पडला किंवा कुजका निघाला, तर भिंत दिसावयास भिंतच असते, पण तिला तडे जातात आणि ओझ्याखाली ती फुगते. हाडातही चुन्याच्या क्षारांची माती असते आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा काड असतो. अस्थिभंगुरतेत हा तंतू जन्मतःच कमी तरी बनतो, किंवा सदोष तरी बनतो. त्यामुळे हाडे क्षुल्लक कारणाने मोडतात. आणि हाच तंतू डोळे, दात, कान व सांध्यांचे बंध यांतही असल्याने कित्येकांचे डोळे निळसर दिसतात, दात पिवळट व ठिसूळ होतात आणि पुढे ऐकू कमी येते.

रोग नवा नव्हे. स्वीडनमधील एकमन याने १७८८ साली एका घराण्याच्या तीन पिढ्यांत तो पाहून नोंदविला. आम्सटरडॅमच्या व्रोलिक याने १८४९ साली त्यास शास्त्रीय नाव दिले. आणि ऑस्ट्रेलियातील सिलेन्स याने १९७९ साली त्याचे चार प्रकार लावले. त्यांपैकी पहिला सौम्य, दुसरा जन्माच्या सुमारासच प्राण घेणारा, तिसरा हाडांस उत्तरोत्तर वाकविणारा आणि चौथा मध्यम, अशी ही विभागणी स्थूलमानाने आजही उपयोगी पडते. साधारणपणे पंधरा ते वीस हजार जन्मांत एक, असे याचे प्रमाण मानले जाते. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख व सांगलीची सुमारे २८ लाख होती. वरील प्रमाण लावल्यास या दोन जिल्ह्यांत मिळून तीनशेच्या आसपास अशी माणसे असावीत, असा हिशेब निघतो. ही मोजदाद नव्हे, केवळ त्रैराशिक आहे. पण रोग विरळा असला तरी आपल्या पंचक्रोशीत नाहीच असे समजू नये, एवढे त्यावरून कळते.

आता मुख्य विषयाकडे वळू. हाड मोडले म्हणजे मूल किंचाळते, घर गोळा होते आणि उपचार होतो. खुब्याचे व्यंग मात्र आवाज न करता येते, आणि म्हणूनच ते घरच्यांच्या नजरेतून निसटते.

खुबा म्हणजे उखळीत बसविलेला गोळा. ओटीपोटाच्या हाडाला एक खोलगट उखळी असते आणि मांडीच्या हाडाचे गोल डोके तीत फिरते. डोके व मांडीचा दांडा यांना जोडणारी तिरपी मान असते. साध्या चालण्यातही या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार पडतो. घरातील उखळ आठवा. ज्या जमिनीत ते पुरलेले असते ती पक्की असेल, तर शंभर वर्षे कांडण केले तरी ते हलत नाही. पण जमीनच पोचट असेल, तर मुसळाच्या प्रत्येक घावासरशी उखळ किंचित खाली खचते. ठिसूळ हाडांच्या माणसात नेमके हेच घडते. पावलागणिक उखळीच्या तळाला दिसू नयेत असे बारीक तडे जातात, ते भरून येतात, पुन्हा जातात. आणि असे होता होता मांडीचे डोके उखळीसह ओटीपोटाच्या पोकळीत आत आत घुसत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओटो या जर्मन वैद्याने असा सांधा वर्णिला, म्हणून अशा कटिभागास त्याचे नाव पडले. तिसऱ्या प्रकारच्या रुग्णांत हे व्यंग विशेष आढळते.

दुसरे व्यंग मानेचे. प्रौढ माणसात मान व दांडा यांमधील कोन साधारण १२५ ते १३० अंशांचा असतो. ओल्या लाकडाचा वासा छपराच्या ओझ्याने लवतो, तशी ही मान लवते आणि कोन कमी होत जाऊन प्रसंगी काटकोनापर्यंत उतरतो. त्यामुळे पाय आखूड पडतो, खुब्याला तोलून धरणारे स्नायू ढिले पडतात आणि चालताना धड प्रत्येक पावलास बाजूला झुकते. शिवाय अशी लवलेली मान पुढे मोडण्याचा संभवही अधिक. एकाच माणसात ही दोन्ही व्यंगे असू शकतात.

घरच्या माणसांना हे ओळखता येईल काय? काही अंशी येईल. मुलास पाय फाकविता येत नाहीत व मांडी घालता येत नाही. उकिडवे बसणे जमेनासे होते. चाल बदकासारखी डुलते. जांघेत दुखते, आणि कधी कधी दुखते खुब्यात पण मूल बोट ठेवते गुडघ्यावर. आणखी एक खूण अशी आहे की, तिचा संबंध हाडांशी असेल असे कोणास सुचणारही नाही. ती म्हणजे जुनाट मलावरोध व वरचेवर होणारी पोटदुखी. उखळी आत घुसली म्हणजे ओटीपोटातील जागा अरुंद होते आणि आतड्याचा मार्ग अडखळतो. १९९५ साली अमेरिकेतील शस्त्रवैद्यांनी तीव्र स्वरूपाच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत हा उपद्रव खुबे आत गेलेल्यांत विशेष दिसून आला. तेव्हा अशा मुलास नुसते एरंडेल देऊन स्वस्थ बसू नये. डॉक्टरांस खुब्याविषयीही विचारावे. मुलगी असेल तर हीच गोष्ट पुढे प्रसूतीच्या वेळी महत्त्वाची ठरते. कटिभाग अरुंद झालेल्या स्त्रीचे बाळंतपण घरी किंवा लहान सूतिकागृहात करण्याचा विचार मनातही आणू नये. सर्व साधनांनी युक्त अशा रुग्णालयात ते आधीपासून ठरवून करावे.

उपायांचे काय, असा प्रश्न साहजिकच येतो. आपल्या सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे सविस्तर निदान आहे. सांधा निखळण्याचे सहा व हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथे सांगितले आहेत. सर्व हाडे सारखीच भंगत नाहीत, काही लवतात, काही मोडतात, काही फुटतात, हा विवेकही केलेला आहे. मांडी व कटिभाग मोडल्यास रुग्णास फळीवर निजवून खुंट्यांनी स्थिर करावे, असे सांगितले आहे. त्याहून विशेष म्हणजे, वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून सरळ बसवावे, असेही सुश्रुत सांगतो. आजचे शस्त्रवैद्य लवलेल्या मानेवर तत्त्वतः हेच करतात. मानेखाली हाड कापून कोन सुधारतात व नवीन स्थितीत ते पक्के करतात. सुश्रुताजवळ संमोहनाचे औषध नव्हते व क्ष-किरणही नव्हते, म्हणून सारे काही आपल्याकडे होतेच असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. परंतु विचाराची दिशा जुनी आहे, एवढे खरे.

पक्के करण्यातही एक मर्म आहे. ठिसूळ हाडास बाहेरून पट्टी व स्क्रू लावले, तर पट्टी जेथे संपते तेथेच हाड पुन्हा मोडते. म्हणून हाडाच्या पोकळीतून सळई घालतात. सोफील्ड व मिलर यांनी १९५९ साली वाकलेल्या हाडाचे तुकडे करून ते मण्यांप्रमाणे सळईत ओवण्याची रीत प्रसिद्ध केली. मूल वाढले की सळई अपुरी पडे; म्हणून बेली व डुबो यांनी १९६३ साली दुर्बिणीच्या नळीप्रमाणे लांबणारी सळई पुढे आणली, आणि तिच्याच सुधारलेल्या जाती आज वापरात आहेत.

आत घुसलेल्या उखळीवर मात्र असा सरळ उपाय नाही. प्रौढपणी सांधा झिजून असह्य झाला, तर कृत्रिम सांधा बसविता येतो. उखळीच्या तळाशी हाडाचा भराव घालून मग तो बसवावा लागतो. काम कठीण असते व अनुभवी हातांचेच असते. यास्तव दर काही महिन्यांनी तपासणी व वेळोवेळी क्ष-किरण चित्र काढून उखळी कोठवर आली आहे हे पाहत राहणे, हेच शहाणपण होय.

औषधांपैकी बिस्फॉस्फोनेट वर्गाची औषधे शिरेतून देतात. मॉन्ट्रियलच्या ग्लोर्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली मुलांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा उपचार रूढ झाला. या औषधाने हाडाची झीज मंदावते व घनता वाढते; परंतु तंतूचा मूळ दोष त्याने सुधारत नाही, हे लक्षात ठेवावे. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व पुरेसे आहे ना, हे पाहून तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच ते घ्यावे.

या सर्वांसाठी आपल्या भागातील माणसास फार दूर जावे लागत नाही. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वान्लेस १८८९ साली या भागात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. तेव्हापासून मिरज ही रोग्यांची पेठच बनली. १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. बाहेरून कडी बसवून हाड सांधण्याची व लांबविण्याची इलिझारॉव्ह यांची रशियन पद्धती भारतात रुजविण्यात मिरजेच्याच डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचा मोठा वाटा आहे. अस्थिशल्यशास्त्रावरील एक बृहद्ग्रंथही त्यांनी संपादिला. सातारकरांस कराडही जवळ आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ रोगविषयक धोरणात अस्थिभंगुरता व तिच्यावरील बिस्फॉस्फोनेट उपचार यांचा उल्लेख आहे, आणि त्या धोरणाखालील केंद्रांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचा समावेश आहे. ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास २०१६ च्या कायद्याने शिक्षण व नोकरी यांत सवलती मिळतात. हे कागद करून घेण्यास संकोच कसला?

परंतु रुग्णालयात मूल महिन्यातून एखादा दिवस असते. उरलेले सारे दिवस ते घरी असते. म्हणून घरातील वडील स्त्रियांस माझी हात जोडून विनंती आहे. तान्ह्या मुलास पायांवर आडवे घालून तेल चोळणे, हातपाय ओढून मोकळे करणे ही आपली प्रेमाची रीत. पण ज्या मुलाचे डोळे निळसर आहेत, किंवा ज्याचे हाड एकदा सहज मोडले आहे, त्याच्यावर ती करू नये. त्याला बगलेत धरून उचलू नये. लंगोट बदलताना घोटे धरून पाय वर करू नयेत. एक हात डोक्यामानेखाली व दुसरा ढुंगणाखाली पसरून, सारे अंग एकदम उचलावे. मोठ्या मुलाचा आखडलेला खुबा दाबून, ताणून मोकळा करण्याचा यत्न कोणी करू नये. याचा अर्थ त्याला कापसात गुंडाळून ठेवावे असाही नव्हे. निजून राहिल्याने हाड अधिकच दुबळे होते. तज्ज्ञांनी शिकविलेला व्यायाम, आधाराने चालणे, कोमट पाण्यात हातपाय हलविणे हे नित्य करावे. वजन बेताचे ठेवावे, कारण प्रत्येक जादा शेर खुब्यावर तिप्पट होऊन बसतो.

आता वंशाचा प्रश्न. बहुतेक रुग्णांत एकाच सदोष जनुकाने हा रोग होतो. पुष्कळदा तो दोष त्या मुलातच नव्याने उद्भवलेला असतो व आईबाप निरोगी असतात. रोगी माणसाच्या प्रत्येक अपत्यास मात्र तो होण्याचा संभव निम्मा असतो. थोड्या घराण्यांत दोष दोन्ही बाजूंनी छुपा येतो. तेथे निरोगी आईबापांच्या प्रत्येक अपत्यास धोका चारांत एक असतो, आणि नात्यातील विवाहाने असा योग जुळण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न करणे ही दक्षिणेची चाल असल्याचे बौधायनाने धर्मसूत्रात नमूद केले आहे, आणि देशावरील कित्येक घरांत ती आजही चालते. सख्ख्या मामेभावंडांत आठवा हिस्सा जनुके समान असतात. चालीची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या घरात हा रोग एकदा दिसला, त्या घराने पत्रिकेआधी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. आणि कसेही असो, जनुक कोणी निवडून आणीत नाही. 'तुझ्या माहेरचे' हा शब्दप्रयोग या बाबतीत जितका अशास्त्रीय तितकाच क्रूर आहे.

शिक्षकबंधूंसही दोन शब्द. अशा मुलाचा वर्ग तळमजल्यावर ठेवावा. घंटेआधी पाच मिनिटे त्याला सोडावे, म्हणजे जिन्यावरच्या लोंढ्यात तो सापडणार नाही. त्याला खुर्ची द्यावी, आणि ती देताना वर्गाला कारणही सांगावे. मुले समजूतदार असतात. सूर्यनमस्काराची सक्ती त्याच्यावर नको. पण मैदानावरून त्याला हाकलूही नये, गुण मांडण्याचे काम तरी द्यावे. त्या सोमवारनंतर मी माझ्या वर्गात हे सारे केले. परंतु तो तिसरा शनिवार काही मला परत घेता आला नाही.

तो विद्यार्थी आता चाळिशीच्या पुढे आहे. त्याच्या एका मांडीत सळई आहे, दुसरा खुबा बराच आत गेला आहे, दर वर्षी तो मिरजेस दाखवून येतो, आणि सांगलीत हिशेबनीसाचे काम करून घर चालवितो. गेल्या श्रावणात मी त्याच्या घरी जेवावयास गेलो होतो. पंगतीला सर्वांचे पाट मांडले होते आणि एका टोकाला दोन खुर्च्या व एक टेबल होते. एक खुर्ची त्याची. दुसरीकडे बोट दाखवून त्याची आई म्हणाली, "मास्तर, आता तुमचेही गुडघे दुखत असतील. तुम्ही याच्याजवळ वर बसा." मी बसलो. जेवण होईपर्यंत माझ्या बैठकीविषयी कोणीही काही बोलले नाही.